फक्त ओठांपुरता फोटो

आमच्या दंत महाविद्यालयाचं एक नियतकालिक निघतं, वर्षातून दोनदा. त्याच्या शेवटच्या दोन पानांवर बारीक टायपात 'लेखकांसाठी सूचना' छापलेल्या असतात. त्या मी लिहिल्यात, आणि माझा दाट संशय आहे की त्या वाचणारीही मी एकटीच आहे. लेख येतात ते थेट मोबाईलवरून, कधी कधी 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली. संदर्भांचे क्रमांक एकापासून सुरू होऊन मध्येच गायब होतात. मग मी फोन उचलते आणि माझा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू जातो. विद्यार्थी मला मागून 'चाळण' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला ते नाव आवडतं, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

सगळ्यात जास्त भांडणं लेखकांच्या नावांवरून होतात. ज्यानं काम केलं त्याचंच नाव घाला, असं सूचनांत स्पष्ट लिहिलंय. पण आमच्याकडे लेख म्हणजे घरचं जेवण. कुणाला वगळलं तर वाईट दिसतं. एकदा एका अक्कलदाढेच्या लेखावर अर्धा विभाग आला: विभागप्रमुख, त्यांच्या आधीचे विभागप्रमुख, भूल देणारे, आणि ज्यांनी नुसतं 'लिही लिही' म्हणून प्रोत्साहन दिलं तेही. मी फोन करून विचारलं, "एका दाढेभोवती एवढी माणसं उभी होती, तर पेशंट बसला कुठं?" पलीकडून अगदी गरीब आवाजात उत्तर आलं, "मॅडम, सरांचं नाव न घालून कसं चालंल? उद्या त्येंच्याच समोर बसायचं हाय की."

तर अशी मी, आणि असे माझे नियम. त्यातला एक नियम मात्र मी खरोखर मनापासून लिहिला होता. रुग्णाची ओळख पटेल असा फोटो छापायचा नाही. डोळ्यांवर नुसती काळी पट्टी मारलेली चालणार नाही, कारण ओळखणारे हनुवटीवरूनही ओळखतात. ओठ आणि दात दिसतील एवढाच भाग द्यायचा. पूर्ण चेहरा शास्त्रासाठी अगदी आवश्यकच असेल, तरच तो द्यायचा, आणि तोही रुग्णाला सगळा लेख त्याच्या भाषेत समजावून, त्याची लेखी संमती घेऊन. न विचारता पेशंटचे फोटो काढून मित्रांना पाठवणारे डॉक्टर मी पाहिले होते. म्हणून या नियमात मी कुणाला एक इंचही सूट देत नसे.

अशात एमडीएसच्या, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासाच्या, शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी लेख घेऊन आली. हातकणंगल्याची पोरगी, कामाला वाघ, लिहायला मात्र कंटाळा. तिनं कृत्रिम दातांची एक अवघड केस फार सुंदर केली होती. कागलकडच्या एका गावातल्या बाई. तरुणपणी वैरण घालताना म्हशीनं मान उडवली आणि त्यांचे वरचे पुढचे सगळे दात हाडासकट गेले. वरचा ओठ आत बसला. तसाच पुढचा सगळा जन्म त्यांनी काढला होता. या पोरीनं जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात आणि खचलेल्या हिरडीचा गुलाबी भाग असा काही बेमालूम बसवला की ओठ पुन्हा जागेवर आला.

लेख बरा होता. मी फोटोंवर आले आणि चष्मा काढून पुन्हा घातला. उपचारानंतरच्या फोटोत बाई जरीच्या साडीत होत्या. गळ्यात कोल्हापुरी साज, अंबाड्यात गजरा, आणि नाकात भली मोठी नथ. ज्या ओठासाठी हा सगळा उद्योग केला, त्याच्यावरच नथीचे मोती टेकलेले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅडम, मी साध्या साडीत या म्हणून सांगितलं होतं. त्या फोटो काढायचाय म्हटल्यावर अशाच आल्या. एवढ्या खूश होत्या, मला नथ काढा म्हणवेना."

"दुसरा फोटो काढ. ओठांपुरता काप. नियम वाच."

ती गेली. पण दोन दिवसांनी परत आली आणि दारातच घुटमळली. "मॅडम, कापलेल्या फोटोला त्या संमती देत न्हाईत. बाहेर बसल्यात. तुम्हालाच भेटायचं म्हणतात."

मी आत बोलवा म्हणायच्या आधीच बाई आत आल्या. माझ्याच वयाच्या असतील. रंगानं सावळ्या, आवाज शेतातून शेतात पोचणारा.

"व्हय ओ बाई, तुमीच का त्या फोटू कापणाऱ्या?"

मी म्हटलं, "बसा वहिनी. कापणारी मीच."

"नुसतं व्हट छापणार म्हनं माजं. मग ते माजंच कशावरनं?"

"ते तुमचे आहेत हे कुणाला कळू नये, म्हणूनच."

"कळू नये? का? म्या काय चोरी केल्या व्हय? पेपरात चोराचं त्वांड झाकत्यात."

मी त्यांना शांतपणे समजावलं. निदान माझ्या मते शांतपणे. हे छापलं की इंटरनेटवर जातं, म्हटलं. मग कुणीही बघू शकतं. उद्या तुम्हाला नकोसं वाटलं तरी मागे घेता येत नाही.

"कुनीबी म्हंजे? भाईरच्या देशातबी?"

"हो. कुठंही."

"मग चांगलं हाय की!"

दाराशी उभी पोरगी खाली मान घालून हसली. मलाही हसू आलं आणि त्याचाच राग आला. नियम मोडायला आलेल्या माणसाला मी एरवी दारातूनच परत पाठवते. पण यांना परत पाठवायला माझी जीभ वळेना, कारण तेवढ्यात त्या पुढं सरकल्या आणि पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"बाई, म्हशीनं मारल्यापासनं त्वांडावर पदर हाय माजा. लेकीच्या लग्नात ह्यो एवढा जाड अल्बम केला. सगळ्या फोटूत निस्ता पदर. सून इचारती, आत्ती, ह्यात तुमी कुठं हाईसा? आमच्या चौकात वाढदिसाचं फ्लेक्स लागत्यात, कालच मिसरूड फुटलेली पोरंबी त्यावर गॉगल लावून हुबी. मला फ्लेक्स नगं. तुमच्या पुस्तकात एक फोटू छापा, पर सगळा छापा. एवढी वरसं मी झाकलं. आता तुमी झाकू नगा."

डॉक्टरांपासून पेशंटला वाचवायला मी नियम केला होता. आणि समोर बसलेल्या बाईंना त्याच नियमाचा जाच होत होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की मोठ्या सरांना विचारते, आणि चहा मागवला. चहा त्यांनी पदर न धरता प्यायला, सगळ्यांकडे बघत.

मोठे सर म्हणजे आमचे मुख्य संपादक. निवृत्त होऊनही आठवड्यातून एकदा येतात आणि माझ्यापेक्षा कडक आहेत. हयातभर त्यांनी कृत्रिम दातच शिकवले. मी दोन्ही फोटो त्यांच्यासमोर ठेवले, नथवाला आणि नियमाप्रमाणे कापलेला. पहिल्याकडे बघून ते म्हणाले, "ही केस आहे का लग्नपत्रिका?" मी वहिनींची बाजू मांडली. सर म्हणाले, "एकीला सोडलं की उद्या सगळे पासपोर्ट साइज पाठवतील. नियम म्हणजे नियम."

मग त्यांनी कापलेला फोटो जवळ ओढला आणि सवयीनं त्यावर पेन्सिल आडवी धरली. पुढच्या दातांची रेघ ते अशीच बघतात. पेन्सिल दातांवरून वर सरकली आणि कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरली. सर चिडले.

"डोळे कुठायत?"

"कापलेत सर."

"अगं, दोन्ही बाहुल्यांची रेघ आणि दातांची रेघ समांतर आहे का नाही, हे मी आता कशावर ताडून बघू? एवढी मोठी पुनर्रचना, आणि डोळेच नाहीत! असा फोटो कुणी पाठवला?"

"आपल्या नियमानं पाठवला सर."

मी 'सूचनां'चं पान पुढं केलं आणि बोट ठेवलं: शास्त्रासाठी आवश्यक असेल तरच. "हे शास्त्र झालं का नाही सर?"

"झालं की," सर म्हणाले, आणि आपण हरलोय हे लक्षात येऊन स्वतःच हसायला लागले. "पण नथ काढायला लावा. आणि सगळा लेख वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका."

फोटो पुन्हा काढायला वहिनी साध्या सुती साडीत आल्या, थोड्या रुसलेल्या. नथ नाही, गजरा नाही, मागे निळा पडदा. कुंकू मात्र त्यांनी ठसठशीत लावलं होतं आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. नियमाप्रमाणे एक फोटो ओठ मिटून लागतो. तो काढताना पोरीचा घाम निघाला. "मावशी, ओठ मिटा," म्हटलं की वहिनी मिटायच्या, कॅमेरा डोळ्याला लावला की पुन्हा दात बाहेर. "आगं पोरी, आता कुठं उघडाय मिळालंय," असं म्हणून परत हसायच्या. शेवटी मी ओरडले तेव्हा कुठं एक फोटो मिळाला.

मग लेख वाचायचा कार्यक्रम. माझ्या खोलीत आम्ही तिघी. पोरगी इंग्रजी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. लेखाची भाषा आमच्याकडे ठरलेली असते. तिनं सांगितलं, "रुग्ण स्वतःहून विभागात आली."

"स्वतःहून कुठं? जावंनं ढकलत आणली. तिचं नाव घाला त्यात."

जावेचं नाव घालता येत नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. लेखकांची नावं वाढवायला निघालेली आणखी एक, असं मी मनात म्हटलं. पोरीनं पुढं सांगितलं, "रुग्ण मध्यम बांध्याची आणि खाऊनपिऊन चांगली होती."

"खाऊनपिऊन?" वहिनी ताठ झाल्या. "मटनाच्या जेवनात निस्ता रस्सा प्यालेय मी. भाकरी दुधात कुस्करून. हुभ्या रानात ऊस, त्यातलं एक कांडं दातानं सोललं न्हाय. आनि आता दात आलं तर ही पोरगी म्हंती, मावशी, ऊस सोलायचा न्हाय!"

"मोडेल ते, मावशी."

"न्हाय सोलत बाई. लिव पुढं."

खाऊनपिऊन चांगली हे वाक्य मी लाल पेनानं काढून टाकलं. केस रिपोर्टमधून ते ठरलेलं वाक्य काढण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर मजा वाटली. वहिनी आता चांगल्याच रंगात आल्या होत्या. स्क्रूचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

शेवटी फोटोंचं पान आलं. पोरीनं ते त्यांच्यापुढं ठेवलं. उजवीकडे नवा फोटो, निळा पडदा, कुंकू, दात. तो बघून वहिनींनी मान डोलावली. मग त्यांची नजर डावीकडे गेली आणि माझ्या लक्षात आलं की आमच्याकडून केवढी चूक झाली आहे.

डावीकडे उपचारापूर्वीचा फोटो होता. तुलनेसाठी तोही पूर्ण चेहऱ्याचाच लागतो. पहिल्या दिवशी पोरीनं पदर बाजूला करायला लावून काढला होता. आत गेलेला ओठ, उघडं तोंड, घाबरलेले डोळे. नव्या फोटोच्या गडबडीत हा आम्हा तिघींपैकी कुणालाच आठवला नव्हता. आणि वहिनींनी तो कधी पाहिलेलाच नव्हता.

त्यांचा हात आपसूक पदराकडे गेला. मला फार वाईट वाटलं. आता या उठून जातील, संमती देणार नाहीत, आणि देऊही नये, असं मला वाटलं. मी हळूच म्हटलं, "वहिनी, हा नको असेल तर नको. लेख नाही छापला तरी चालेल."

पोरीचा चेहरा उतरला, पण तीही लगेच म्हणाली, "मावशी, हा एकटा मी ओठांपुरता कापते. मॅडम चालवून घेतील."

घेतलं असतं. मोठ्या सरांशी भांडून घेतलं असतं.

वहिनींनी कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि डाव्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. पदराकडे गेलेला हात खाली आला.

"हिला कापू नगं," त्या म्हणाल्या. "ही दातवाली कालच आलिया. एवढी वरसं म्हशी बघितल्या, पोरं वाढीवली, लेकीचं लगीन केलं, ते समदं हिनं केलंय. हिला झाकून निस्तं मलाच छापलासा तर ती काय म्हनंल?"

पोरीनं नाक ओढलं. वहिनींनी माझ्या हातातला लाल पेन काढून घेतला, सही कुठं करायची ते विचारलं आणि केली.