ऋतुजासाठी भरलेली हवा

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात, आमच्या दुकानात, गिऱ्हाइकाला चादर दाखवत होतो. फोन ठेवला आणि तीच चादर पुन्हा उलगडायला लागलो... शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "शेठ, बसा जरा."

सुधीर माझा परतूरचा चुलतभाऊ. धंदा सरकीचा, नाद गाडी पळवायचा. जुनी मोटार, मागच्या सीटा काढलेली, ट्रकवर चढवून तो कोइमतूरकडच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायचा. सोबत मी. गाडीतला मला फक्त हॉर्न कळतो, पण एक काम माझ्याकडे होतं: काही फेऱ्या मारून गाडी आत आली की चाकं गरम असतानाच हवा मोजायची. पळून हवा फुगते. जास्त झाली तर वळणावर चाक घसरतं, कमी पडली तर गाडी डुलते. थोडी सोडायची, पुन्हा पळवायची. मी चहा संपवून पोहोचेपर्यंत सुधीर ओरडायचा, "दादा, बारशाला निघाला का? चाकं गार व्हून राह्यलीत!"

पोटाच्या आजारानं त्याचं चालवणं सुटलं. मग स्टिअरिंगवर त्याची मुलगी ऋतुजा बसली, तो कानटोपी घालून खुर्चीत. ती इतकी जपून चालवायची की चाकं तापतच नव्हती. सुधीर म्हणाला, "माझी हवा तिच्या कामाची न्हाई दादा. तिचा आकडा येगळा काढतो, मंग जातो." कुठं, असं मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मलाही आहे.

परतूरला आल्यावर गोदामात उकिडवं बसून, दम खात, त्यानं पुढच्या खेपेसाठी चारही चाकांत जरा जास्त हवा भरली. मला हात लावू दिला नाही. "भित्री हाये माझी पोरगी. चाकं तापवत न्हाई, हवा फुगत न्हाई. सुरुवातीलाच बराबर पाह्यजे तिला."

ती पुढची खेप त्याच्याशिवाय झाली. ऋतुजानं तीच हवा ठेवली. गाडी आत आली, मी मोजली. आकडा फारच वर. "गेज बिघडलंय," मी म्हणालो.

"न्हाई काका," ती हेल्मेट काढत म्हणाली, "मी जोरात चालवली."

मग चाकापाशी बसली, वॉल्व्हवर बोट ठेवलं, आणि दाबेना. "पप्पांनी भरलेली हाय..."

"सगळी कुठं सोडायचीय? थोडीच सोड," मी म्हणालो. गाडीबद्दल मी आयुष्यात बोललेलं हे एकमेव शहाणं वाक्य.

बारीक आवाज झाला. चारही चाकांशी ती तशीच बसली, डोळे पुसले, आणि निघाली... आधीपेक्षा जोरात.

गाडी आता परतूरच्या गोदामात आहे. बाजाराच्या कामानं गेलो की मी आत डोकावतो आणि चाक अंगठ्यानं दाबून पाहतो. अजून टणक आहे.