सरांची गोल्ड डिस्क

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर माझ्या गणिताच्या सरांचे. खडवलीच्या आमच्या घरात सातवीपुढे कोणी शिकलं नव्हतं. दहावीनंतर सरांनी मला कल्याणला आपल्या घरी अभ्यासाला बोलावलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत त्यांच्या बाहेरच्या खोलीतलं टेबल माझंच होतं.

टेबलासमोर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक सोनेरी तबकडी होती. शिक्षक होण्याआधी सर रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. भक्तिगीतांची एक एलपी खूप खपली, तेव्हा कंपनीने गायकाला गोल्ड डिस्क दिली आणि संगीतकाराने आग्रह धरून सरांनाही एक द्यायला लावली. खालच्या पितळी पट्टीवर सरांचं नाव होतं.

नोकरी लागून कोपरला घर झाल्यावर मीही जुन्या गोल्ड डिस्क जमवू लागलो. आतापर्यंत तीन मिळाल्या. संग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक परीक्षा शिकलो. तबकडीवर दोन गाण्यांच्या मध्ये एक गुळगुळीत पट्टा असतो. त्या पट्ट्यांवरून गाणी मोजायची आणि लेबलशी ताडून बघायची. जुळली नाहीत तर वस्तू बनावट. माझी पहिली डिस्क जुळली. त्या आनंदात उरलेल्या दोन मी मोजल्याच नाहीत.

गेल्या वर्षी सरांनी आपली डिस्क आमच्या शाळेला द्यायचं ठरवलं. शाळेत संगीताची नवी खोली झाली होती. मी भेटायला गेलो, तेव्हा सरांचा मुलगाही आलेला.

"या, पारखी आले!" सर म्हणाले. "बघ, कालच पुसून ठेवली आहे."

मी जवळ जाऊन मोजलं. लेबलवर चार गाणी, तबकडीवर सहा.

"सर, ही तबकडी दुसऱ्याच रेकॉर्डची आहे," मी बोलून गेलो.

मुलगा मोठ्याने हसला. "काय बाबा, इतकी वर्षं डुप्लिकेट माल? आणि हिच्यापायी आम्हाला घरात बॅट धरू दिली नाहीत!"

"तू गप रे," काकू आतून म्हणाल्या.

सर हसले नाहीत. त्यांनी चौकट उतरवली, चादरीत गुंडाळली आणि मला म्हणाले, "शाळेला कळव, देत नाही म्हणून. खोटी वस्तू मुलांपुढे नको." मग म्हणाले, "चहा घेऊन जा."

घरी येऊन मी उरलेल्या दोन डिस्क मोजल्या. एकही जुळेना. त्यातली एक तर गायकाच्या घरच्यांनी स्वतः भिंतीवरून काढून दिली होती. ती बनावट कशी असेल? ग्रुपवर विचारल्यावर आंबिवलीच्या एका आजोबांचा पत्ता मिळाला. रेकॉर्डच्या कारखान्यात ते तबकड्यांना मुलामा चढवत. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो.

"अहो, विकायचा माल कोण वाया घालवणार?" आजोबा म्हणाले. "बाद झालेली जी तबकडी हाताला लागेल ती घ्यायची, मुलामा द्यायचा, वर लेबल चिकटवायचं. गायकाची काय, वादकाची काय, सगळ्या तशाच. तुमची एक जुळली ना? नशीब तुमचं!"

सरांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. आणि चूक चारचौघांत केली होती, तर दुरुस्ती कागदावर असावी, म्हणजे त्यांना ती मुलालाही वाचून दाखवता येईल. त्या रात्री हे पत्र लिहिलं.

"आदरणीय सर,

तुमच्या डिस्कबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं. एक उदाहरण जुळलं, तेवढ्यावर मी नियम धरून बसलो. या डिस्क बनवणाऱ्या कारागिराला आज भेटलो. आत कोणतीही बाद तबकडी घालत, गायकाला दिलेल्या डिस्कमध्येसुद्धा. माझ्याकडच्या तीनपैकी दोन तशाच आहेत. तुम्हाला कंपनीने दिली ती तुमच्या वादनासाठी, आणि ती खरी आहे. तपासायचं असेल तर त्या आजोबांना मी तुमच्याकडे घेऊन येतो, ते तयार आहेत.

मुलासमोर तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्यामुळे. क्षमा असावी.

शाळेला मी अजून काही कळवलेलं नाही. कळवायला लावू नका, एवढीच विनंती.

आपला विद्यार्थी"