खिशातला बंडल

"वही लांब धर. तंबाखूचा वास येतो."

इंग्रजीचे मास्तर असं म्हणायचे आणि लाकडी पट्टीने माझ्या वहीची पानं उलटायचे. सोलापुरातली शाळा, मी जुन्या अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात. आई घरी विड्या वळायची. शाळेतून आल्यावर मी दोरा गुंडाळून त्या बांधायची. बोटांना वास असणारच. पण वर्गात विडीवाल्यांच्या आणखी चार पोरी होत्या. त्यांच्या वह्या मास्तर हातात घेत. म्हणजे वास तंबाखूचा नव्हता. जातीचा होता.

एके दिवशी वाक्यपृथक्करणाचा तास होता. पोटात प्रश्न असलेली गौण वाक्यं. मास्तरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: हिची आई काय करते, ते मला माहीत आहे. मग पट्टी माझ्याकडे रोखली.

"ऊठ. मुख्य वाक्य कुठलं, गौण कुठलं?"

पोरं फिदीफिदी हसली. मला सगळं येत होतं, तेच वाईट होतं. उत्तर दिलं तर आईची टिंगल माझ्याच तोंडून. गप्प राहिले तर ढ. उलट बोलले तर मॅट्रिकचा फॉर्म मास्तरांच्या सहीवाचून अडणार आणि जन्मभर विड्यांचं सूप मांडीवर. मी उत्तर दिलं. अचूक. स्वतःचीच किळस आली.

"आता असंच एक वाक्य तू लिही."

खडू घ्यायला गेले, तर मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशातून विड्यांचा बंडल डोकावत होता. मी घरी बांधायचे तसलाच दोरा. खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: तुमच्या खिशातल्या विड्या कोणी वळल्या, ते तुम्हाला माहीत नाही.

"सर, ह्याचं पृथक्करण तुम्ही करा."

मास्तरांनी फळा पुसला आणि मला वर्गाबाहेर काढलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "माफी माग की. फॉर्म अडवला तर काय करशील? हितंच बसशील माझ्यासारखी."

"न्हाय मागणार."

"मग?"

आईने सूप पुढे ओढलं. मी दोरा घेतला आणि विड्या बांधत बसले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या टेबलापुढे उभी राहिले. माझा फॉर्म तिथेच होता, सहीवाचून. वही पुढे केली. त्यांनी पट्टी उचलली. मी वही मागे घेतली.

"पट्टीनं नाही. हातात घ्या."

त्यांनी घेतली नाही. मला भीती वाटत होती. तरी वही परत पुढे केली. उद्याही करणार होते, परवाही. फॉर्म अडवायचा तर अडवोत. माझ्या वहीला आता पट्टी लागणार नव्हती.