नको म्हटल्यावर

तलासरीच्या शाळेत मी इंग्रजीचं व्याकरण शिकवतो. पण ते मला खरं कळलं डहाणूला, आमच्या जेवणाच्या टेबलावर, आणि तेही जर्मनच्या वाटेनं.

मुलगी नर्स. जर्मनीतल्या नोकरीसाठी तिला भाषेची परीक्षा पास व्हायची होती. लेखीत पास झाली, तोंडीत नापास झाली. समोर परका माणूस आला की हिची बोबडी वळायची. चूक होईल या धास्तीनं ती वाक्य बाहेरच पडू देत नसे. पुन्हा नापास झाली असती तर नोकरी हातची गेली असती. म्हणून रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यासाठी तिच्या ऑनलाइन वर्गालाही मी कान लावून बसू लागलो. बायको म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. मला मात्र मजा येत होती.

एकदा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, जर्मनमध्ये अदबीनं विचारायचं तर क्रियापद घडणाऱ्या गोष्टीपासून जरा लांब न्यायचं. जणू ती गोष्ट अजून नुसती मनातच आहे. म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. मी चहाचा कप खाली ठेवला. 'वुड' हा 'विल'चा भूतकाळ, एवढंच मी आजवर फळ्यावर लिहीत आलो होतो. 'वुड यू लाइक टी?' शिकवताना एका मुलीनं विचारलंही होतं, "सर, मग पाहुण्याला चहा काल दिला का?" तेव्हा वर्गाबरोबर मीही हसलो होतो. उत्तर आत्ता सापडलं: हा 'वुड' कालचा नव्हता, अदबीनं लांब उभा राहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाहुणचाराचा खेळ लावला. "वुड यू लाइक सम राइस?" "नो, थँक यू." पुस्तकात संवाद इथं संपतो. पण यजमान झालेली मुलगी थांबेना. "टेक, टेक. लिटल टेक. माय मदर विल बी अँग्री." आमची बरीच मुलं घरी वारली बोलतात, मराठी शाळेत आल्यावर आणि इंग्रजी त्याच्याही नंतर. पण पाहुण्याचा पहिला नकार धरायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

घरी हे सांगितल्यावर मुलगी पोट धरून हसली. मग मी जर्मन पाहुणा झालो. तिनं केक पुढे केला, मी नको म्हटलं आणि ती जी सुटली! "मी स्वतः केलाय, एवढासाच घ्या, नाहीतर मला वाईट वाटेल." चुकत होती, अडखळत होती, पण गप्प बसत नव्हती. आग्रहाच्या भरात व्याकरणाची भीती तिला आठवलीच नाही.

परीक्षेतही तिनं तेच केलं. तोंडीत दोघांनी मिळून पाहुणा-यजमानाचा संवाद करायचा होता. जोडीच्या उमेदवारानं केक नाकारला, तर हिनं तो त्याच्या गळी उतरवूनच सोडला. परीक्षक हसत होते म्हणे. मुलगी पास झाली.

जर्मनीत पहिल्याच दिवशी सोबतच्या नर्सनं कॉफी विचारली. ही सवयीनं नको म्हणाली. नर्स किटली घेऊन निघून गेली. "पप्पा, मी किती वेळ वाट बघत बसले," ती फोनवर सांगत होती. हल्ली ती पहिल्या फटक्यात हो म्हणते. त्यांची अदब एक पाऊल मागे सरते, आपली एक पाऊल पुढे येते, असं मी आता वर्गात सांगतो. मुलांना ते पटतं. मलाही शिकवताना बरं वाटतं.

गेल्या महिन्यात ती सुट्टीवर आली. बायकोनं ओले बोंबील तळले होते. मी ताट पुढे करून विचारलं, "अजून एक घेतेस?"

"नको."

मी ताट खाली ठेवलं. आता तिला तसंच आवडत असेल, असं वाटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, मी घरी आलेय."

मी तिच्या पानात दोन बोंबील वाढले.