कारभाऱ्याचा जामीन

महागाव तालुक्यातल्या आपल्या तांड्यावर सेवादास राठोडांनी पस्तीस वर्षं कारभारीपण केलं. कारभारी म्हणजे तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाचा उजवा हात. दोन घरांत वाजलं की इकडचं बोलणं तिकडे न्यायचं, तिकडचं इकडे आणायचं आणि नेता-आणता त्यातलं विष वाटेत सांडून द्यायचं. सेवादासांना शेतात कधी सरळ तास मारता आलं नाही, पण रुसलेल्या व्याह्याला पंगतीत आणून बसवावं तर त्यांनीच.

ही विद्या त्यांच्याकडून एकच माणूस शिकला, आणि तो निघाला ख्रिस्ती धर्मगुरू. फादर इनास मूळचे वसईचे. ऐंशीच्या दशकात मिशनचा लहानसा दवाखाना सांभाळायला इकडे आले, तेव्हा जेमतेम तिशीचे होते. नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत भरली, की हे कोपऱ्यात मांडी घालून हजर. सेवादास निरोप घेऊन निघाले की हे सायकल हातात धरून सोबत.

"काहून येता फादर, उन्हातानाचे?"

"शिकून राह्यलो," फादर म्हणायचे. वऱ्हाडी त्यांनी उचलली होती, पण ती त्यांच्या तोंडी मापात न बसलेल्या सदऱ्यासारखी दिसे. दुपारभर दोघं बोरीखाली बसून बोरं खात आणि कोणाला काय सांगावं, काय गिळावं, याचा खल करत. तसे निवांत दिवस सेवादासांच्या वाट्याला पुन्हा आले नाहीत.

मग रोमहून बोलावणं आलं. पोपचे राजदूत जिथे तयार होतात त्या शाळेत फादर गेले. आधी एका देशातल्या पोपच्या वकिलातीत सचिव, पुढे दुसऱ्या देशात सल्लागार, आणि पन्नाशीच्या आत आर्चबिशप होऊन खुद्द राजदूत. नावाला आर्चबिशप, पण सांभाळायला ना गाव ना चर्च. जिथे सरकार आणि बंडखोर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, तिथे जाऊन मध्ये बसायचं. दर नाताळाला त्यांचं पत्र यायचं आणि सून उज्ज्वला ते मोठ्यानं वाचायची. बहुतेक पत्रांत एक ओळ ठरलेली. 'यंदाही तुमच्या विहिरीची गोष्ट सांगितली, सेवादासभाऊ. दोन्हीकडची माणसं ऐकत राहिली.' बायको लालीबाईचा चेहरा फुलायचा. सेवादास मात्र उठून गुरांकडे जायचे.

ती गोष्ट अशी. दिवाळीच्या तोंडावर गावातले शेतकरी सदाशिवराव यांनी आपल्या विहिरीवर लालीबाईची भरलेली घागर लाथेनं उलटवली आणि चारचौघांत तिला चोर म्हटलं. झालं, तांड्यानं गावात कापूस वेचायला जाणं बंद केलं. शेतं पांढरीफट्ट फुटलेली आणि वेचायला माणूस नाही. आठव्या दिवशी सेवादास सदाशिवरावांकडे गेले. फादर बाहेर सायकलीपाशी थांबले. परत येऊन सेवादासांनी नसाबीत सांगितलं, "इहीर मोकळी केली. अन् सदाशिवराव म्हनते, चुकलं माहं, लालीबाईनं मनात ठेवू नाई."

नायकानं रिवाजाप्रमाणे जामीन मागितला. निरोप खोटा निघाला तर दोष जामिनानं अंगावर घ्यायचा असतो. फादर उठून उभे राहिले, "मी आहो." दुसऱ्या दिवशी बाया वेचणीला गेल्या.

पण माफीचं ते वाक्य सदाशिवरावांचं नव्हतंच. विहीर त्यांनी खुली केली, कापूस वाया जात होता म्हणून. माफी मागत नसतो, असं मिशीला पीळ देऊन सांगितलं. वाक्य सेवादासांनी वाटेत घडवलं होतं.

यंदा पंच्याहत्तरी झाली, राजदूतकी संपली, आणि आर्चबिशप इनास पुसदहून गाडी करून तांड्यावर आले. केस पांढरे, चाल मंदावलेली. लालीबाईनं दारातच त्यांचे हात धरले. जेवायच्या आधी त्यांनी पिशवीतून वही काढली.

"आठवणींचं पुस्तक करतो आहे, सेवादासभाऊ. सुरुवात तुमच्या विहिरीपासून. सदाशिवरावांचे नेमके शब्द सांगा, छापायचे आहेत."

आता होय म्हटलं तर ते खोटं छापून कायमचं होणार. नाही म्हटलं तर जगात एवढ्या मोठ्या पदाला पोचलेला हा एकुलता दोस्त जाणार. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"लिहू नका, फादर," ते शेवटी म्हणाले. "ते माहे शब्द होते. त्यानं माफी मांगलीच नाई."

आर्चबिशपांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हंजे सदाशिवराव काईच म्हटले नाई?" लालीबाईनं विचारलं.

"नाई."

"अन् मी त्याच्या मयतीत रडली."

मग आर्चबिशप गुडघ्यावर हात टेकून उठले. देशोदेशी दुसऱ्यांचे निरोप पोचवलेला हा माणूस तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "लालीबाई, मी न ऐकता जामीन राह्यलो. दोष माझ्यावर येतो. मला माफ करा."

"बसा, फादर. तुमी दोस्तावर भरवसा ठेवला, त्याच्यात काय गुन्हा." तिनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. "साऱ्या तांड्याच्या माफ्या तुमी वाहून आनल्या. तुमची सोताची एक तरी आली का कधी माह्यापाशी?"

सेवादासांनी ताट पुढे ओढलं. उज्ज्वला भाकरी वाढायला पुढे आली, तिला लालीबाईनं हातानं थांबवलं.

"थांब बाई. आंदी ह्याईले बोलू दे."

सेवादास उठून तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.