ड्रॉइंगबाईंचं बिननिळं प्रदर्शन

शाळेत ड्रॉइंगबाईंना मान मोठा. इतका, की गणित मागे पडलं की हक्काने त्यांचाच तास काढून घेत. एकवीस वर्षं त्यांनी संमेलनाचे पडदे रंगवले आणि पाहुण्यांच्या स्वागताच्या पाट्या लिहिल्या. कलेची याहून थोर सेवा ती कोणती?

'सागरी जीव वाचवा' हे प्रदर्शन भरवायची हुक्की मुख्याध्यापकांना आली, तेव्हाही बोलावणं बाईंनाच.

"हसरे मासे, निळाशार समुद्र. दारात थर्माकोलचा देवमासा, वर भरपूर चमकी!"

"सर, थर्माकोल शेवटी समुद्रातच जातं..."

"बाई, आपण जागृती करतोय. समुद्र साफ करत नाही."

एवढ्या ज्ञानापुढे बाई काय बोलणार? त्यांनी देवमासा केला. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. ओहोटीची वेळ साधून त्यांनी सातवीचा वर्ग किनाऱ्यावर नेला. "दिसेल तेच काढा," म्हणाल्या.

पोरांनी काढलं. जोडीदार हरवलेल्या चपला, बाटल्या, जाळ्यात गुरफटून मेलेलं कासव. मासळीवालीच्या धाकट्या लेकीने काढला एक जाडजूड पाइप आणि त्यातून ओकला जाणारा काळा लोळ.

"निळा खडू संपला का गं?"

"नाही बाई. तिथे निळं नव्हतंच."

एकवीस वर्षं आपण मुलांना नुसता निळा खडू वाटत आलो, हे बाईंना चांगलंच झोंबलं.

प्रमुख पाहुणे होते गावातल्या कारखान्याचे मालक. समुद्राविषयी त्यांच्याइतका जिव्हाळा कुणाला असणार? सकाळी चित्रं पाहून मुख्याध्यापकांना घाम फुटला. त्यांनी दारातला देवमासा उचलून पाइपाच्या चित्रापुढे उभा केला. पाहुण्यांनी कौतुकाने थोपटताच देवमासा कलंडला आणि मागचं चित्र उघडं पडलं.

"अरे वा, हा नाग का?"

"नाही काका, तुमच्या कारखान्याचा पाइप," पोरगी म्हणाली.

पण पाहुणे मुरलेले. "काय ही कल्पनाशक्ती!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पहिलं बक्षीस देवमाशाला मिळालं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक कडाडले, "शाळेला तोंडघशी पाडलंत! उतरवा ती चित्रं!"

बाईंनी ती उतरवली, गुंडाळी काखेत मारली आणि तडक मासळीबाजार गाठला. मुलीची आई म्हणाली, "द्या इकडे. आमच्या भिंती बघायला कुठे पाहुणे येतात?"

लिलावाच्या शेडमध्ये चित्रं लागली. कोळ्यांनी आधी चुका काढल्या, "कासवाचा पाय असा असतो होय?" एक म्हातारा मात्र कासवाच्या चित्रापुढून हलेना. जाळ्याला लाल दोरीचं ठिगळ होतं, पोराने तेसुद्धा हुबेहूब काढलेलं.

"माझंच आहे हे," तो हळूच बाईंना म्हणाला. "फाटलं म्हणून कापून सोडलं होतं समुद्रात."

तेव्हापासून तो फाटकी जाळी परत आणू लागला. त्याचं पाहून इतरही आणू लागले. पाइप अर्थात जोमात आहे; त्याला चित्रकलेत रस नाही.

शेडमागे जाळ्यांचा ढीग वाढला, तेव्हा म्हाताऱ्याने बाईंकडे पाटी मागितली. ती मासळीवालीच्या लेकीनेच रंगवली: 'फाटकि जाळी इथे टाका.' ऱ्हस्व-दीर्घाची चूक बाईंना दिसली. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि खिळा ठोकायला हातोडी मागितली.