टाकीजवळ घुटमळणारा दिगंबर

मी तीस वर्षं गावाला पाणी सोडलं आणि त्या काळात गावात एकही माणूस तहानेनं मेला नाही. (इतर कारणांनी मेले, पण ते खातं माझ्याकडं नव्हतं.) वालमन म्हणून निवृत्त झालो तेव्हा नारळ मिळाला, टोपी मिळाली आणि वाटलं, सुटलो एकदाचा पाण्याच्या कटकटीतून. मग एक दिवस आमच्या मुलीनं, मनीषानं, तिचा लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला.

त्यात तिचा खेळ होता. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर, खडकाच्या पोटात सात माणसांची वस्ती. त्यांना खोल्या बांधून द्यायच्या, जेवू घालायचं, पाणी पाजायचं आणि जिवंत ठेवायचं. बाजूला एक तळं. पंप तळ्यातलं पाणी टाकीत चढवतो आणि टाकीतून ते नळानं स्वयंपाकघरात येतं. माणसांना मनीषानं घरचीच नावं दिलेली. एक 'बाबा', म्हणजे मी. एक 'शालन', म्हणजे तिची आई. एक जळकोटचा तिचा मामा दिगंबर. बाकी चौघी तिच्या मैत्रिणी. मैत्रिणींशी तिची पैज लागली होती की रविवारपर्यंत वस्तीचे तीनशे दिवस भरतील आणि एकही माणूस मरणार नाही. नेमकी तिची पुण्याला परीक्षा आली.

"बाबा, चार दिवस तुम्ही सांभाळा. फक्त टाकीकडं बघा, बाकी सगळं आपोआप चालतं," येडशी स्टेशनवर गाडीत बसताना ती म्हणाली. "एकजण जरी मेला तरी मागं फिरता येत नाही. दोन महिन्यांची मेहनत आहे माझी."

"मला टाकी शिकवतीस व्हय?" मी म्हणालो.

पहिल्या सकाळी टाकी काठोकाठ होती. दुपारी अर्धी. दुसऱ्या दिवशी पाव. आता दुसरा कुणी असता तर आधी गळती शोधत बसला असता. पण पाणी कमी झालं की आधी माणसं बघावीत, पाइप मागनं बघावेत, हे मी नोकरीत शिकलो. गावात लाइन कधी आपणहून फुटत नाही. कुणीतरी नळाला मोटार लावलेली असते आणि वर तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडत असतो.

म्हणून मी सातही जणांवर पाळत ठेवली. 'बाबा' सरळमार्गी वाटला. 'शालन' स्वयंपाकात. मैत्रिणी आपापल्या कामात. राहता राहिला दिगंबर. काम ना धंदा, टाकीला टेकून उभा! मी माऊसचा बाण त्याच्यावर नेला की इकडंतिकडं बघायचा.

"तुझा भाऊ टाकीजवळ घुटमळतोय," मी बायकोला म्हणालो.

शालन भाकरी थापत होती. "दिगू आलाय? मग चहा टाकते."

"खेळातला."

"खेळातला का असंना, भाऊ माझाच न्हाय का? तहान लागली असंल त्याला."

माहेरच्या माणसाची बाजू घेणारा साक्षीदार ग्राह्य धरत नाहीत. मी दिगंबरची बदली थेट सगळ्यात खालच्या खाणीत केली. खोद म्हटलं. बिचारा निमूटपणे खोदत बसला, तेव्हा तर संशय जास्तच वाढला. खरा दिगंबर असा निमूट कधीच बसला नसता.

तासाभरानं टाकी आणखी खाली गेली. मी खाणीत बघतो तर दिगंबर कमरेएवढ्या पाण्यात उभा! डोक्यावर 'पाय ओले' अशी खूण. चोर मुद्देमालासकट सापडला होता. मग मात्र मला राहवलं नाही. मी जळकोटला खऱ्या दिगंबरला फोन लावला आणि आवाज शक्य तेवढा शांत ठेवून विचारलं, "दिगंबर, खरं सांग. नळाला कधी मोटार लावलीस का?"

पलीकडं आधी दार लावल्याचा आवाज आला.

"दाजी, कुणी सांगितलं तुमाला?" तो हळूच म्हणाला. "एकच दिस लावली हुती. पोराच्या बारशाला."

मी फोन ठेवला आणि शालनकडं बघितलं. ती म्हणाली, "बारशाला सगळेच लावत्यात," आणि त्या दिवशी माझ्याशी बोलायची बंद झाली.

तिसऱ्या दिवशी मात्र तिला बोलावंच लागलं. ती चहा ठेवायला आली आणि पडद्याकडं बघतच राहिली.

"अहो, माझ्या डोक्यावर हे लाल काय आलंय?"

"तहान," मी म्हणालो.

"बाकी कुणाच्या डोक्यावर न्हाय ते."

"तू लांबच्या खोलीत झोपतेस. तिथवर प्रेशर पोचत नाही."

शालननं पदर खोचला. "तीस वर्षं गावभर पाणी सोडत हिंडलात. आपल्या आळीला कायम शेवटी. लोक काय म्हणतील म्हणून. आता खेळातबी मीच तहानेनं मरू?"

मला खरोखर वाईट वाटलं, कारण आळीबद्दल ती म्हणाली ते शंभर टक्के खरं होतं. आणि भीतीही वाटली. पोरीची दोन महिन्यांची मेहनत माझ्या हातात मरत होती, आणि तीही तिच्या आईच्या नावानं. अभिमान गिळला आणि मनीषाचा पेपर सुटायची वेळ बघून स्पीकरवर फोन केला.

"पाइप फुटलाय का?" तिनं विचारलं.

"नाही. मामा चोरतोय."

"मामाला चोरता येत नाही, बाबा. तशी सोयच नाही त्यात. तुम्ही सकाळपासून काय काय करता ते एकेक सांगा."

मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो. "आधी पंपाकडं बघतो. पंप चालू झाला की टाकी रिकामी करतो. मग..."

"थांबा. काय करता?"

"टाकी रिकामी. एम्टीचं बटण आहे की तिथं."

"पण का?"

"का म्हणजे? नवं पाणी येतंय आणि शिळं तसंच ठेवायचं?"

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी घरोघर रांजण, हंडे, पिंप पालथे होतात, कालपर्यंत जिवापाड जपलेलं पाणी मोरीत जातं आणि घासूनपुसून भांडी तयार राहतात. आमच्या घरात पिंप पालथं करायचं काम माझं. पंप सुरू झाला की माझा हात त्या बटणावर जायचा. त्यात मी काही केलं असं मला वाटलंच नव्हतं. पंप पडला बारीक धारेचा, दर वेळी टाकी भरायच्या आत दमायचा.

"बरोबरच हाय की," शालन मागून म्हणाली. "शिळ्यात ताजं कोण मिसळतं?"

"आई, त्यानं तूच मरायलीस."

शालन क्षणभर थांबली. "मग ओतू नका की हो," ती मला म्हणाली.

ओतलेलं पाणी फरशीवरून वाहत खाणीत उतरलं होतं. दिगंबरनं खड्डा खोदला नसता तर ते फटीत जिरून गेलं असतं, असं मनीषा म्हणाली. तिनं सांगितलं तसा मी तिथं पंप बसवायला लावला. बसवायला जवळ होता एकटा दिगंबर. ओल्या पायांनी त्यानं पंप बसवला, पाणी वर चढलं, 'शालन' उठून नळापाशी गेली आणि डोक्यावरची लाल खूण गेली. आमच्या शालननं जळकोटला फोन लावून माझ्या हातात दिला. मी दिगंबरची माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही, पण मोटारीचं प्रकरण मिटलं म्हणून तो खूश झाला.

रविवारी तीनशे दिवस भरले. सातही जण जिवंत. मनीषा पैज जिंकली आणि परत येताच तिनं टाकीभोवती खोली बांधून दार बसवलं. कुठल्या दारातून कुणी जायचं हे खेळात ठरवून देता येतं. सहा जणांना परवानगी आहे. दिगंबरलाही. 'बाबा' तेवढा दाराबाहेर उभा असतो.

परवा शालनला त्याची दया आली. "बिचारा. येऊ द्या की त्याला आत."

मी त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. नोकरीत माणसं ओळखायला शिकलोय मी.

"राहू दे बाहेरच," मी म्हणालो. "त्याचा काही भरवसा नाही."